पट्टा सुरू होतोय, हात काढा

चौकशीच्या खोलीत आमच्या मॅनेजर देवेश सरांनी लॅपटॉपवर एक टिचकी मारली आणि कडुबामामांचा आवाज खोलीभर घुमला. "पट्टा सुरू होतोय, हात काढा. पट्टा सुरू होतोय, हात काढा." मोजून सात सेकंद. मग सर ऐटीत मागं टेकले आणि चौकशी करायला शहरातून आलेल्या वैदेही मॅडमना म्हणाले, बघा, एवढा खणखणीत इशारा, वर आवाजपण यांचा स्वतःचाच. माणूस स्वतःचंच ऐकत नसेल तर कंपनीनं काय करायचं?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर मामा बसलेले, उजवा हात टेबलाखाली लपवलेला, मान खाली. मॅडमनी विचारलं की हा आवाज तुमचाच का, तर हळूच "व्हय" म्हणाले. चोरी पकडल्यावर माणूस बोलतो ना, तसं. ज्याची तीन बोटं गेली तो मान खाली घालून बसलाय आणि ज्यानं घालवली तो मिनरल वॉटर पितोय. ही आमच्या वाळूजची चौकशी.

मी तिथं कशाला होते ते सांगते. आमचा कारखाना लहान, मोठ्या कंपनीला पत्र्याचे पार्ट पुरवणारा. तिथल्या लाईनवरची कॉम्प्युटरची सगळी कामं मी बघते. कंत्राटी आहे, दर अकरा महिन्यांनी कागद नवा होतो, पण कुठं काही अडलं की "मेघाला बोलवा" हे ठरलेलं. त्या दिवशी मला कंपनीचा साक्षीदार म्हणून बसवलं होतं. मी एकच वाक्य बोलायचं होतं, की सिस्टीम नीट आहे. सरांनी ते मला सकाळी दोनदा पाठ करून घेतलं होतं, बालवाडीतल्या पोरीकडून घेतात तसं.

आणि मामांच्या पुढ्यात एक टाईप केलेला कागद होता. त्यात लिहिलेलं, की अपघात माझ्या निष्काळजीपणामुळं झाला, कंपनीबद्दल माझी काही तक्रार नाही. सही केली की मामांना गेटवर खुर्चीत बसायची नोकरी मिळणार होती. नाही केली तर कामावरून कमी. सही झाली की अपघाताच्या भरपाईचा हक्क संपला. बोटं गेली ती गेलीच, वर गुन्हापण त्यांच्याच नावावर चढणार. आणि मामा सही करणार होते. भीतीनं नाही. त्यांना खरंच वाटत होतं की चूक त्यांची आहे.

आता हा आवाज कुठून आला ते ऐका. पार्ट पुढं नेणारा आमचा पट्टा चाळीस फुटांचा. हिरवं बटण ह्या टोकाला, रोलर त्या टोकाला, मधी मशिनी. बटण दाबणाऱ्याला रोलरपाशी कोण आहे ते दिसत नाही. कापलेल्या पत्र्याचे तुकडे रोलरमध्ये अडकतात आणि पट्टा आपोआप थांबतो, दिवसातून साठ-सत्तर वेळा. मग कुणीतरी हात घालून तुकडा काढतो. मेन स्विच बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही, असं भिंतीवर भलंमोठं लिहिलंय. पण मेन बंद केला की पूर्ण लाईन परत चालू व्हायला वीस मिनिटं लागतात, आणि तसं कुणी केलंच तर सुपरवायझर त्याच्या सात पिढ्या उद्धरतो. म्हणून नियम भिंतीवर आणि हात रोलरमध्ये.

आधी तिथं नुसता बझर होता. आमच्या शेडमध्ये सगळंच पीं पीं करतं, फोर्कलिफ्ट, कॉम्प्रेसर, सगळं. बझरकडं कुणाचं लक्षच जायचं नाही. मी म्हणलं, माणसाचा आवाज लावू. माणूस माणसाचं ऐकतो. आणि आवाज म्हणल्यावर दुसरा कुणाचा घेणार? रोलरपाशी काम करणारे कडुबामामा मूळचे कन्नडकडचे, वीस वर्षांपासून बजाजनगरला राहतात. चौदा एप्रिलला क्रांती चौकात ते गायला उभे राहिले की माईकवाला आपला माईक मागं घेतो, असा गळा. कॅन्टीनच्या मागं उभं करून मी त्यांच्याकडून ती दोन वाक्यं मोबाईलवर घेतली. तीन वेळा म्हणायला लावली. तिसऱ्या वेळी मामा वैतागून जोरात ओरडले, तीच फाईल मी ठेवली.

पट्ट्याच्या टोकाला एक इवलासा कॉम्प्युटर आहे. त्याला माऊस नाही, खिडक्या नाहीत, नुसती काळी स्क्रीन आणि पांढरी अक्षरं. तिथं गाणं वाजवायचं तरी हुकूम टाईप करायचा, की ही फाईल वाजव. लोकांना वाटतं हे लई अवघड असतं. काही नाही. आणि त्या हुकमात एक लई चांगली गोष्ट असते. फाईल शेवटपर्यंत वाजून होईपर्यंत तो खालची ओळ चालूच देत नाही. मी दोनच ओळी लिहिल्या होत्या. पहिली, मामांचा आवाज वाजव. दुसरी, पट्टा सोड. कुणीही बटण दाबलं तरी मामा आधी पूर्ण बोलणार, सात सेकंद, मगच पट्टा हलणार. मला त्या दोन ओळींचा लई अभिमान होता. कुणी पाहुणा आला की मी त्याला मुद्दाम बटण दाबून दाखवायचे.

मग श्रावणात ऑर्डर वाढल्या आणि सरांचं डोकं फिरलं. त्यांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलं, की ते सात सेकंद नको. बोलणं बंद करू नको, पण पट्ट्याला थांबवू पण नको. हे करायला काही लागत नाही. पहिल्या ओळीच्या शेवटी एक खूण टाकली, की आवाज मागं आपला वाजत राहतो आणि खालची ओळ लगेच चालते. म्हणजे मामा "पट्टा सुरू" म्हणेपर्यंत पट्टा पळायला पण लागलेला असतो.

आणि मी ते केलं.

मला माहीत होतं त्याचा अर्थ काय. दुसऱ्या कुणाला नसेल, मला होतं. पण माझा कागद त्याच महिन्यात नवा व्हायचा होता, आणि मी मनाला समजावलं की आवाज तर वाजतोच आहे ना, माणसं हुशार आहेत, काढतील हात. एका मिनिटाचं काम. सरांना व्हॉट्सअ‍ॅपवरच बोलून कळवलं आणि मी डबा खायला गेले.

दहा दिवस नशिबानं हात बाहेर असतानाच बटण दाबलं गेलं, आणि बोलणं चालूच असल्यामुळं फरक कुणाच्या ध्यानात आला नाही. अकराव्या दिवशी मामांचा हात रोलरमध्ये गेला. बटण दाबणाऱ्याला काही कळलं नाही. वरच्या भोंग्यातून मामांचा आवाज "हात काढा" म्हणत होता आणि खाली मामा ओरडत होते. दोन्ही आवाज एकाच माणसाचे. लोकांना आधी कळलंच नाही खरा कुठला.

मामांना दवाखान्यात नेलं आणि तासाभरात सरांनी मला बोलावलं. ती खूण काढ, पहिल्यासारखं कर, आणि कुठं बोलू नको, म्हणाले. मी तेपण केलं. तपासणीवाले आले तेव्हा मामा आधी सात सेकंद बोलत होते आणि मगच पट्टा सुटत होता. सगळं कसं एकदम नीट. तीन महिने मी गप्प बसले. मी फार तापट आहे असं आमच्या घरी म्हणतात, दूधवाल्याशी भांडते, रिक्षावाल्याशी भांडते. ह्या एका गोष्टीत मात्र मूग गिळून बसले होते. स्वतःचा एवढा राग मला कधी आला नव्हता, आणि तो राग मी रोज दुसऱ्यांवर काढत होते.

चौकशीच्या आधीच्या रविवारी बजाजनगरच्या भाजीबाजारात चतुराबाई भेटल्या, मामांच्या घरच्या. मला बघून त्यांना बरं वाटलं. तेच मला सहन झालं नाही. मी विचारलं, मामा कसे आहेत. तर म्हणाल्या, येड्यासारखं करतेत गं. सकाळी खाटेवर बसतात, तोंडानं मोठ्यानं म्हणतात "पट्टा सुरू होतोय" आणि झटक्यानं हात मागं ओढतात. परत म्हणतात, परत ओढतात. पोरींना म्हणतात घड्याळ लावा, किती वेळ लागला सांगा. चतुराबाई म्हणाल्या, "ते म्हणतेत, सात सेकंदात तर माणूस चहा गाळून कपात ओततो. मला हातच कसा काढता आला नाय?"

मी हातातली मेथी तिथंच ठेवून घरी आले. त्या दिवशी मी कुणाशीच भांडले नाही. मोबाईलमधून दोन फाईली काढल्या आणि पेन ड्राईव्हवर घेतल्या.

तर आता त्या खोलीत मॅडमनी माझ्याकडं वळून विचारलं, सिस्टीम नीट आहे का. सर माझ्याकडं बघून हसले. मी म्हणलं, आत्ता नीट आहे. त्या दिवशी नव्हती. आणि लॅपटॉपवर टिचकी मारून वाजवलेल्या फाईलीवरून काही कळणार नाही, ती नुसती गाण्यासारखी वाजते. पट्ट्यापाशी चला, तिथं वाजवून दाखवते.

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते म्हणाले, मेघा, तुला एवढंच विचारलंय. मी म्हणलं, मी एवढंच सांगतीये. वैदेही मॅडम कंपनीनंच नेमलेल्या, त्यांच्याकडून मला फार काही आशा नव्हती, पण बाई सरळ निघाली. उठली, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, चला.

जेवणाची सुट्टी होती. पट्टा बंद होता, माणसं डबे उघडून बसली होती. आम्हाला बघून सगळे उभे राहिले. मी एका खोक्याचा पुठ्ठा फाडून हातभर लांब पट्टी केली, मॅडमच्या हातात दिली आणि तिचं टोक रोलरपाशी धरायला सांगितलं. म्हणलं, भोंग्यातून "हात काढा" ऐकलं की पट्टी ओढून घ्या. एकाला बटणापाशी उभं केलं. त्यानं दाबलं. मामांचा आवाज आला, दोन्ही वेळा वाक्य पूर्ण झालं, मॅडमनी आरामात पट्टी काढली, आणि मग पट्टा सुटला. सर म्हणाले, झालं समाधान?

मी कीबोर्ड ओढला. पहिल्या ओळीच्या शेवटी ती खूण टाकली, सगळ्यांना दिसेल अशी स्क्रीन वळवली, आणि काय केलं ते मॅडमना साध्या भाषेत सांगितलं. मग परत पट्टी धरायला लावली. बटण दाबलं. भोंगा "पट्टा" म्हणाला आणि तेवढ्यात मॅडमच्या हातातून पुठ्ठा गेला. सर्रकन आत. त्या दचकून दोन पावलं मागं आल्या आणि आपल्या बोटांकडं बघत राहिल्या. वर मामांचा आवाज अजून बोलतच होता, "हात काढा, पट्टा सुरू होतोय, हात काढा." मामा तर भिंतीला टेकून खालीच बसले.

सर मात्र पक्के. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. म्हणाले, ही खूण तर हिनं आत्ता आमच्यासमोर टाकली. त्या दिवशी अशीच होती कशावरून? हिला कंपनीशी काही खुन्नस असेल.

मी पेन ड्राईव्ह लावला आणि सरांची फाईल वाजवायचा हुकूम दिला. भोंग्यातून नुसती खरखर आली, तव्यावर मीठ टाकल्यावर तडतडतं तशी. सर मोठ्यानं हसले. घाईत मी विसरले होते, की व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं घट्ट दाबून भरलेलं असतं, आमच्या त्या साध्या हुकमाला ते उलगडत नाही. मामांची फाईल उलगडलेली होती. ही नव्हती. मी आणखी एक ओळ टाईप केली, फाईल उलगडून घेतली आणि परत वाजवली.

ह्या वेळी चारही भोंग्यांमधून देवेश सर बोलले. "मेघा, त्या बोलण्यापायी दर वेळी सात सेकंद चाललेत. दिवसाचे किती पार्ट गेले बघ. बोलणं राहू दे, ऑडिटला ते लागतं. पण पट्टा लगेच सुटला पाहिजे. आजच्या आज कर." मॅडमनी माझा मोबाईल मागून घेतला, त्यावरची तारीख आणि वेळ बघितली, लिहून घेतली. अपघाताच्या अकरा दिवस आधीची.

सरांचं हसणं तिथंच राहिलं. पण खरं सांगू का, मला काही थंड वाटलं नाही. लोक माझ्याकडं असे बघत होते की मी काही मोठी वाघीण आहे. एकानं तर टाळी वाजवायला हात वर केला. ते बघून मला स्वतःची एवढी चीड आली की वाटलं भोंगेच उपटून काढावेत. मला इथं थांबता आलं असतं. सरांचं पितळ उघडं पडलं, मामांचा कागद फाटणार होता, आणि कुणी मला विचारलंपण नव्हतं की ती खूण प्रत्यक्षात टाकली कुणी.

मी दुसरी फाईल उलगडली आणि वाजवली. ती चारच सेकंदांची आहे. तिच्यात मी हसतीये. "झालं सर. आता मामा कितीपण बोलू द्या, पट्टा काही थांबत नाय."

शेडमध्ये ते हसणं लई मोठं ऐकू आलं. टाळीसाठी वर झालेला हात खाली गेला. मामा भिंतीपासून उठले आणि चालत माझ्यापर्यंत आले.

"परत वाजव," मामा म्हणाले.

मी म्हणलं, मामा, नको. त्यांनी उजवा हात वर करून स्क्रीनकडं दाखवलं. दाखवायला बोट नव्हतं, नुसता पंजा. मी परत तीच ओळ टाईप केली. ती फाईल वाजेपर्यंत काही करता येत नाही, उभं राहून ऐकावंच लागतं. मामांनी शेवटपर्यंत ऐकली, मग मॅडमकडं वळले. आवाज अजिबात चढवला नाही.

"सही मी करत नाय. ह्या सरांना माझं नाव हजेरीत बघून घ्यावं लागतं, त्यांचं मला काही वाटत नाय. ही पोरगी माझ्या घरी जेवलेली हाय." पंजानं माझ्याकडं दाखवलं. "हिचं पण नाव लिहा."

मॅडमनी पेन उघडलं आणि मला विचारलं, पूर्ण नाव? मी सांगितलं, मेघा रामकिसन खरात. त्यांनी ते सरांच्या नावाखाली लिहिलं.